पिंपातला पालक

मनोरला ताज्या भाजीची किंवा माशांची टंचाई झाली, असं निदान माझ्या ऐकण्यात नाही. तेव्हा ह्या दोन्ही वस्तू घरातल्या घरात, हॉलमध्ये, सोफा सरकवून आणि पंप लावून तयार कराव्यात ही कल्पना निघायला मनोरइतकी अनावश्यक जागा महाराष्ट्रात दुसरी सापडणं कठीण. म्हणूनच ती इथे निघाली. गरज ही शोधाची जननी असेलही, पण आमच्याकडचे बहुतेक शोध निवृत्तीनंतर लागतात.

आधी गावाची परिस्थिती सांगतो. जूनचा पहिला दणका बसला की वैतरणा, सूर्या, देहर्जे फुगतात, ओहोळ शेतांत शिरतात आणि अंडी घालायला निघालेले मासे प्रवाहाच्या उलट चढत थेट भातखाचरांत येतात. ही वलगण. त्या रात्री बॅटऱ्या, टोपल्या, फाटकी मच्छरदाणी, हाताला लागेल ते घेऊन माणसं शेतात उतरतात. गाभोळीचे मासे मारू नयेत असं दरवर्षी सांगितलं जातं, दरवर्षी सगळे मान डोलावतात आणि दरवर्षी कालवण होतं. मागोमाग मुठे निघतात. रानात शेवळं उगवतात; ती घशाला खाजू नयेत म्हणून काकडाची फळं लागतात, तीही त्याच रानात आणि त्याच सुमारास तयार असतात. मग टाकळा, लोत, करटोली. नाक्यावर बायका पानांवर वाटे लावून बसतात. शेजारच्या बहाडोलीची जांभळं तर अशी की त्यांना २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी राज्य सरकारने पापलेटला राज्यमासा केलं, आणि पापलेटचं सातपाटी आमच्याच जिल्ह्यात, पालघरच्या पलीकडे. एवढं सगळं दारात आलेलं असताना आमच्या शेजारच्या काकांनी पालक आणि मासे घरी बनवायचं ठरवलं.

काका बोईसरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत आयुष्यभर नमुने तपासून निवृत्त झाले. माणूस निवृत्त होतो, सवय होत नाही. सुरुवातीला त्यांनी दूध तपासलं, मग बोअरचं पाणी, मग शेजारच्यांच्या बोअरचं पाणी, आणि सगळं संपल्यावर काकूंच्या हातचा चहा. चहाचा पीएच वहीत लिहिलेला पाहून काकू म्हणाल्या, "अहो, काहीतरी मोठं काम हाती घ्या ना." ह्या वाक्याची किंमत त्या अजून भरताहेत.

ते मोठं काम म्हणजे ॲक्वापोनिक्स. मला ते समजलं फाटकात उभ्या उभ्या, हातात दुधाची पिशवी असताना. तत्त्व सोपं आहे. टाकीत मासे ठेवायचे आणि त्यांना खायला घालायचं. ते कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात, विष्ठेतूनही तो तयार होतो, आणि साचला की त्यांनाच मारतो. म्हणून ते पाणी पंपाने उचलून खडीने भरलेल्या वाफ्यात सोडायचं. खडीवर जिवाणू बिऱ्हाड करतात. एका जातीचे अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट हे झाडांचं जेवण. झाडं जेवली की पाणी निवळून परत टाकीत. माती नाही, रासायनिक खत नाही, पाणी मातीतल्या शेतीच्या साधारण दहावा हिस्सा. "म्हणजे आपण काहीच करायचं नाही," काका म्हणाले. हे वाक्य काकूंनी खिडकीतून ऐकलं आणि खिडकी लावून घेतली.

कल्पना काकांची नाही आणि फार नवीही नाही. अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंचा छडा सर्गेई विनोग्राड्स्की ह्या रशियन शास्त्रज्ञाने १८९०च्या सुमारास लावला. कॅरिबियन समुद्रातल्या व्हर्जिन बेटांच्या विद्यापीठात जेम्स राकोसी यांनी १९८०च्या दशकात एकाच पाण्यावर मासे आणि भाजी वाढवून दाखवली. तिथे गोड्या पाण्याची मारामार, तेव्हा त्यांना ते करणं भागच होतं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ साली हा उद्योग लहान प्रमाणावर कसा करावा ह्याचं जाडजूड पुस्तक काढलं. काकांनी ते छापून, पुठ्ठा बांधून घेतलं आणि देवघराच्या फळीवर पोथ्यांशेजारी ठेवलं. पारायणाचा नेम मात्र फक्त ह्याच ग्रंथाला.

पहिला प्रश्न टाकीचा. बोईसर-तारापूरच्या पंचक्रोशीत राहणाऱ्याला हा प्रश्न पडायलाच नको. इथे निळं पिंप मिळतं. दोनशे लिटरचं हे पिंप कारखान्यात काहीतरी घेऊन येतं, रिकामं झालं की भंगारात जातं आणि तिथून घरोघर पोचतं. मोरीत पाणी साठवायला, गणपतीच्या मांडवात बांबूला आधार द्यायला, उभं कापून गुरांना पाणी पाजायला, सगळीकडे तेच. पूर्वी त्यात काय होतं हे कुणी विचारत नाही. काकांनी विचारलं.

"ह्यात काय होतं रे?"

"काही नव्हतं साहेब."

"मग कारखान्यात कशाला आलं होतं?"

"रिकामंच आलं होतं."

ज्या माणसाने आयुष्यभर नमुन्यांवर लेबलं चिकटवली त्याला असं उत्तर दिलं की काय होतं, ते त्या दुपारी त्या भंगारवाल्याला कळलं. काकांनी रांगेतलं प्रत्येक पिंप हुंगलं. एकाला फिनेलचा वास, एकाला साबणाचा, एकाला असा की ते तिथून चटकन बाजूला झाले. एकाला वासच नव्हता. त्याला तर त्यांनी हातही लावला नाही. शेवटी मिठाईच्या धंद्यातून आलेलं, द्रवरूप ग्लुकोजचं एक पिंप मिळालं. चार वेळा धुऊन हॉलमध्ये आणलं तरी त्याला मुंग्या लागल्या. काकू हैराण, काका खूश. पिंप खाण्यायोग्य असल्याचं यापेक्षा विश्वासार्ह प्रमाणपत्र कुठल्याच प्रयोगशाळेने दिलं नसतं.

खडीच्या बाबतीत मात्र आपला सह्याद्री कामाला आला, हे मान्य केलं पाहिजे. वाफ्यात चुनखडीचा दगड घातला तर पाण्याचा पीएच चढत राहतो. आपला काळा दगड बेसॉल्टचा, तो पाण्यात काही सोडत नाही. खात्री करायची असेल तर दगडावर लिंबू पिळायचं. फेस आला की दगड नापास. काकांनी घराच्या बांधकामातून उरलेल्या खडीच्या ढिगापाशी बसून दगड पास-नापास केले. रस्त्याने जाणारे थांबून बघत. दगडावर लिंबू पिळणारा माणूस दिसला की आमच्याकडे लोक कारण विचारत नाहीत, लांबून नमस्कार करतात. दुसऱ्या दिवशी त्या ढिगावर कुणीतरी हळदकुंकू वाहून गेलं होतं.

दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो, वर खडी निराळी. काकांचं घर बैठं, त्यामुळे निभावलं. त्यांचं बघून बोईसरमधल्या त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याने दुसऱ्या मजल्यावरच्या ब्लॉकमध्ये हजार लिटरची टाकी आणली. राहत्या खोलीच्या स्लॅबवर दर चौरस मीटरला दोनशे किलो वजन धरून हिशेब करावा असं भारतीय मानक सांगतं. ही टाकी साधारण एका चौरस मीटरवर एक टन. खालच्या मजल्यावरच्यांनी वर येऊन एवढंच विचारलं, "मासे आमच्याकडे कधी येणार?" त्या रात्री सोसायटीची तातडीची सभा झाली आणि टाकी गच्चीवर गेली. तिथे तिच्यात आता सोसायटीच्या झाडांना घालायचं पाणी असतं.

पिंप आलं, खडी आली, पंप लागला, पाणी फिरू लागलं. आणि मग काही नाही. हा सगळ्यात कठीण काळ. जिवाणू आपण होऊन यावे लागतात, आणि त्यांना घाई नाही. दुसरे काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. हे जेमतेम दिवसाला एकदा. टाकी लागायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर थेंबथेंब अमोनिया घालायचा आणि रोज परीक्षानळीत रंग बघायचा. गावात बातमी पसरलीच होती. लोक मासे बघायला येत आणि त्यांना दिसे निळं पिंप, ओली खडी आणि वही घेऊन बसलेले काका.

"मासे कुठेत?"

"अजून जिवाणू वाढताहेत."

पाहुणे चहा न घेता निघत.

शेवटी पालघरच्या एका मत्स्यटाकीवाल्याकडून जुन्या फिल्टरचा मळका स्पंज मिळाला. दह्याला विरजण लागतं तसं ह्यालाही लागतं. तो स्पंज काकांनी एसटीने, मांडीवर डबा ठेवून आणला. शेजारी बसलेल्या बाईंनी डब्यात काय आहे विचारलं तेव्हा खरं ते सांगितलं, आणि पुढचा प्रवास ऐसपैस झाला.

मासा कोणता, ह्यावर घरात बैठक बसली. पुस्तकात सर्वांत वर नाव तिलापियाचं, म्हणजे आपल्या चिलापीचं. चिवट मासा, काहीही खातो, कुठल्याही पाण्यात जगतो. पण त्याचा पूर्वेतिहास बरा नाही. मोझांबिकची चिलापी १९५२ साली भारतात आणली गेली. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लं वाचतात, आणि वाचली की महिन्यामागून महिने वाढतच जातात. ज्या तळ्यात सोडावी तिथे बाकीच्या माशांना जागा उरेना. सात वर्षांत तिच्या प्रसारावर बंदी आली, आणि चिलापीने ती वाचली नाही. सुधारित जातीला आता परवानगी मिळते, पण अटी आणि कागदपत्रांसह. कागदपत्र म्हटल्यावर काका उत्साहाने उठले. काकूंनी त्यांना हाताला धरून बसवलं.

मग रोहूची बोटुकली आणायचं ठरलं. रोहूचं बरं असतं, साठलेल्या पाण्यात तो आपण होऊन वंशविस्तार करत नाही. त्याला हार्मोनचं इंजेक्शन द्यावं लागतं. पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काचा हा प्रयोग डॉ. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी यशस्वी करून दाखवला, आणि म्हणून १० जुलैला देशात मत्स्यशेतकरी दिन पाळतात. काकूंना हा मुद्दा पटला. घरात आणखी कुणाची इंजेक्शनं नकोत एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

किती मासे सोडायचे ह्याचाही नियम आहे. हजार लिटरला फार तर वीस किलो मासे, नवख्याने त्याच्या निम्मेच. म्हणजे काकांच्या पिंपात वाढलेला मासा दोन किलो. एक चांगला रविवार, बस्स. काकांच्या आईने, म्हणजे आजींनी, हा हिशेब ऐकून घेतला आणि विचारलं, "आणि खायचा कुणी?" आजी केळव्याच्या. पापलेट, बोंबील, घोळ ह्यांच्यावर वाढलेल्या. गोड्या पाण्यातल्या माशाला चिखलाचा वास येतो हे त्यांचं मत. त्या वासाला जिओस्मिन नावाचा पदार्थ कारणीभूत आहे, कापण्याआधी मासा काही दिवस उपाशीपोटी स्वच्छ पाण्यात ठेवला तर वास जातो, असं काकांनी समजावलं. आजी म्हणाल्या, "हॉलमध्ये बसतो तो पाहुणा. त्याला कापायचं नसतं." त्यातून नातवाने बोटुकल्यांना वर्गातल्या मुलांची नावं देऊन टाकली, आणि प्रथिनांचा प्रश्न तिथेच निकालात निघाला. ह्या घरात मासा अजूनही सातपाटीहूनच येतो, टाकीकडे पाठ करून खाल्ला जातो.

यंत्रणा चालू झाल्यावर गावाला तिचा परिचय आवाजाने झाला. वाफ्यातलं पाणी भरलं की ते एकदम खाली उतरावं म्हणून त्यात एक सायफन बसवतात. शाळेत वक्रनलिका शिकलो ती हीच, फक्त वर पाइपाची टोपी. पाणी ठरावीक उंचीला आलं की गुडगुडत सुरू होतो, घशघश करून सगळं पाणी ओढतो, शेवटी एक दीर्घ घरघर करून थांबतो. मुळांना हवा मिळते. उत्तम योजना आहे. फक्त तो आवाज हुबेहूब संडासाची टाकी सोडल्याचा आहे आणि तो रात्रभर, दर पंधरा-वीस मिनिटांनी येतो. काकूंची बहीण दोन दिवस राहायला आली होती, तिची अंथरुणं हॉलशेजारच्या खोलीत. सकाळी तिने काकूंना स्वयंपाकघरात गाठून हळूच विचारलं, "भाऊजींना साखर निघालीय का गं?"

दुसरा परिचय दिव्याने झाला. घरात पालक वाढवायचा तर ऊन विकत आणावं लागतं. काकांनी आणलेले दिवे जांभळे होते. झाडाला लाल आणि निळा प्रकाश जास्त कामाचा, दोन्ही मिळून जांभळा. चौदा तास तो हॉल त्या रंगात न्हाऊन निघे. घर महामार्गापासून फार लांब नाही. मुंबई-अहमदाबाद रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला रात्री अकराला जांभळा दिवा दिसला की त्याच्या मनात भाजीचा विचार येत नाही. एका ट्रकवाल्याने फाटकात येऊन "जेवणखाण मिळेल का?" असं विचारलं, तोवर ठीक होतं. दुसऱ्याने जेवणाचं नाव काढलं नाही, तेव्हा काकूंनी दुसऱ्याच दिवशी जाड पडदे शिवायला टाकले.

विजेचं काय सांगावं. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ साली आमच्या जिल्ह्यातच तारापूरला सुरू झालं. ती वीज बिचारी जिथे जायची तिथे जाते. आमच्या गल्लीतल्या तारांवर पावसाळ्यात फांदी पडते, त्याला अणुशास्त्रज्ञ काय करणार? पण मासा ही सबब ऐकत नाही. पाणी वीस अंशाला असताना लिटरमागे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू धरून ठेवतं, तीस अंशाला जेमतेम साडेसात. पाच मिलिग्रॅमच्या खाली गेलं की मासे अस्वस्थ होतात. मनोरच्या उकाड्यात, दाटीच्या टाकीत, पंप थांबला की थोड्याच वेळात सगळे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. मग घरातला प्रत्येक माणूस पाळीपाळीने टमरेल घेऊन बसतो आणि पिंपातलं पाणी पिंपातच उंचावरून ओततो. इन्व्हर्टर आहे, पण त्यावर एक पंखा किंवा पंप असं काहीतरी निवडावं लागतं. ज्या रात्री काकांनी आजींच्या डोक्यावरचा पंखा बंद करून माशांचा पंप लावला, त्या रात्रीबद्दल त्या घरात अजून बोलत नाहीत. आमच्या जवळच्या अशेरीगडावर कातळात खोदलेली टाकी आहेत. शेकडो वर्षं त्यांत पाणी आहे आणि एकालाही पंप नाही, असं आजी हल्ली वारंवार सांगतात. त्या गडावर कधी गेलेल्या नाहीत.

लोकांचं प्रेमही माशांना भारी पडतं. तळ्यातल्या माशांना कुरमुरे टाकायची आपल्याला लहानपणापासून सवय. टाकी बघायला येणारा प्रत्येकजण काहीतरी टाकतो. कुणी कुरमुरे, कुणी चपातीचा तुकडा, एका भाविकाने खोबरं. न खाल्लेलं अन्न कुजतं, अमोनिया चढतो, काकांची परीक्षानळी हिरवी होते आणि काका लाल. "येथे काही टाकू नये" अशी पाटी त्यांनी लावली. पाटी वाचून एका गृहस्थांनी त्यांना विचारलं, "मग दक्षिणापेटी कुठेय?"

आणि सल्ले! पालक पिवळा पडला, शिरा तेवढ्या हिरव्या. हे लोह कमी पडल्याचं लक्षण. माशांच्या खाद्यात झाडाला पुरेल इतकं लोह नसतं. निम्म्या गावाने सांगितलं, गंजके खिळे टाका. गंजातलं लोह त्या पाण्यात विरघळून मुळांपर्यंत पोचत नाही, त्यासाठी चिलेटेड लोह लागतं, हे काका सगळ्यांना सांगत बसले. एकाने तरीही जाता जाता दोन खिळे टाकलेच. पुढे जिवाणूंच्या कामामुळे पाण्याचा पीएच उतरू लागला. तो चढवायला जरासा चुना लागतो. काका पानाच्या टपरीवर गेले, चुन्याच्या दहा पुड्या मागितल्या आणि कुणासाठी विचारल्यावर "माशांसाठी" म्हणाले. टपरीवाल्याने आजवर बरेच जण एकमेकांना चुना लावताना पाहिले असतील, पण माशांना लावणारा हा पहिलाच.

कीड पडली तर औषध मारता येत नाही, कारण जे माव्याला मारतं ते माशालाही मारतं. डासांचा फवारा तर घरात बंदच. त्यातली कीटकनाशकं माशांना फार जहाल आणि हवेचा पंप हॉलमधलीच हवा पाण्यात सोडतो. मनोरमध्ये पावसाळ्यात डासांच्या औषधाशिवाय राहून दाखवणं हा ॲक्वापोनिक्सचा खरा पराक्रम आहे. काकांनी त्यावर वेगळ्या बादलीत गप्पी मासे पाळले, आरोग्य खातं डासांच्या अळ्या खायला सोडतं तेच. गप्पींनी बादलीतल्या अळ्या चोख खाल्ल्या. जे डास बादलीबाहेर जन्मले, त्यांचं त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

ऑगस्टमध्ये एक दिवड आला. दिवड हा पाण्यातला बिनविषारी साप, मासे आणि बेडूक खातो, पावसाळ्यात आमच्याकडे घरातही दिसतो. तो आला तो थेट वाफ्यात, पालकाखाली, खडीवर, ओलसर सावलीत वेटोळं करून बसला. घर बांधून देणाऱ्याने जणू त्याच्यासाठीच खोली काढली होती. काकूंनी पालक खुडायला हात घातला आणि मग जो आवाज झाला तो पलीकडच्या आळीतही ऐकू गेला. सर्पमित्र आला. त्याने दिवड बरणीत घातला आणि मग अर्धा तास उभा राहून काकांना सायफनबद्दल प्रश्न विचारत राहिला. काकांच्या प्रकल्पाला मिळालेला तो पहिला खरा विद्यार्थी. बरणीतला साप तेवढा वेळ शांतपणे सगळं ऐकत होता.

हिशेबाला बसलं की गंमत आणखी वाढते. शंभर वॅटचे दिवे चौदा तास म्हणजे दिवसाला जवळपास दीड युनिट. अठरा वॅटचा पंप चोवीस तास म्हणजे महिन्याला तेरा युनिट. दोन्ही मिळून महिन्याची पंचावन्न युनिटं, वर खाद्य, लोह, चुना, परीक्षानळीतली रसायनं. एक चौरस मीटर वाफ्यात वीस-पंचवीस पालेभाजीची रोपं मावतात आणि त्यांना पोसायला माशांना रोज चाळीस-पन्नास ग्रॅम खाद्य घालावं लागतं. काकांचा वाफा त्याच्याही निम्मा. जुडी बाजारात मिळते त्याच्या कित्येक पट भावाची पडते. हे काकांनाही माहीत आहे; त्यांनीच तक्ता करून दाखवला, आलेखासकट.

तरी एकदा पालक जास्त झाला. काकांनी तो नाक्यावरच्या एका भाजीवाल्या मावशींना दिला, विकला तर पैसे तुमचे म्हणाले. संध्याकाळी जुड्या तशाच. मावशींनी सांगितलं, "दादा, लोकं घेत नाहीत. मुळांना माती नाही लागलेली. म्हणतात, ही कारखान्यातली भाजी." बोईसर एवढं जवळ असताना लोकांची शंका अगदीच निराधार म्हणता येणार नाही. मावशींनी मग स्वतःच उपाय काढला. दुसऱ्या वेळी मुळं चिखलात बुडवून ठेवली, जुड्या तासाभरात संपल्या. मातीविना शेतीचा माल माती लावल्याशिवाय खपत नाही, हे राकोसींच्या बेटावर कुणाच्या लक्षात आलं होतं की नाही देव जाणे.

खरं सांगायचं तर काकांच्या पिंपात जे चालतं ते त्यांच्या घरामागच्या खाचरात दर पावसाळ्यात आपोआप चालतं. पाणी भरतं, मासे येतात, घाण करतात, जिवाणू ती पचवतात, भात ते शोषून घेतो. गोव्याच्या खाजणांत लोक हे शतकानुशतकं करताहेत: पावसाळ्यात भात, एरवी मानशीच्या दाराशी मासे आणि कोळंबी. अरुणाचलातले अपातानी लोक भाताच्या खाचरातच मासे वाढवतात. कुणाच्याही हॉलमधला सोफा त्यासाठी सरकलेला नाही. शहरातल्या, मातीचा तुकडाही नसलेल्या माणसाने हा उद्योग केला तर समजू शकतं; मनोरमध्ये त्याची गरज शून्य आहे आणि हे मी काकांच्या तोंडावर सांगितलेलं आहे. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

पण तुम्हाला करायचंच असेल, आणि हा लेख इथवर वाचलात म्हणजे करणारच, तर पुढचं ऐका. पहिल्यांदा पालक, पुदिना, तुळस एवढंच लावा. टोमॅटो-मिरचीच्या नादी लागू नका, त्यांना खाद्य जास्त लागतं. बोअरचं पाणी आधी तपासा. नळाचं असेल तर एक दिवस उघडं ठेवा, क्लोरीन उडू द्या, नाहीतर महिनाभर जमवलेले जिवाणू एका बादलीत जातील. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आधी घ्या, मासे नंतर. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या पंख्याला स्वतंत्र इन्व्हर्टर लावा. आणि पिंप घेताना त्यात पूर्वी काय होतं हे विचाराच. "काही नव्हतं" असं उत्तर आलं तर ते पिंप घेऊ नका, पुढच्या भंगारवाल्याकडे जा.